एक खुंटी जास्त

काळाचौकीच्या त्या चाळीत हरेश्वर घाडी यांच्या खोलीचा क्रमांक कोणाला सांगावा लागत नसे. दाराबाहेर उलटा टांगलेला टेबलफॅन दिसला की ती त्यांची खोली. हा पंखा कोणाचा होता हे मालकही विसरला होता आणि हरेश्वरही. चाळीतल्या इस्त्र्या, मिक्सर, रेडिओ, दूरदर्शन संच यांचे आरोग्य त्यांच्या हाती होते आणि त्यांच्या कौशल्याची थोडीबहुत कीर्ती शिवडीपर्यंत गेली होती. त्या कीर्तीविषयी त्यांचे स्वतःचे मत मात्र वेगळे होते. "माझ्या हातून वाचलेल्या वस्तू लोकांच्या घरात असतात, म्हणून दिसतात," ते म्हणत. "गेलेल्या आमच्या माळ्यावर आहेत. सुभद्रेला विचारा."

सुभद्रा ही त्यांची पत्नी. तिला विचारण्याची गरज नसे. ती आपण होऊन सांगे. "माळ्यार आता मुंगी घालूक जागा नाय. पण ह्येंका सांगतला कोण?"

हरेश्वर मूळचे कुडाळकडचे. गावच्या रवळनाथापुढे गाऱ्हाणे घालण्याचा मान त्यांच्या घराण्याचा. गावकऱ्यांची दुखणी, भये आणि नवस एकत्र करून देवाच्या कानी घालावयाचे, आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणून आपली संमती जोडावयाची, असा तो पूर्वापार विधी आहे. वडिलांनी हा वसा देऊ केला तेव्हा हरेश्वरांना लोकांसमोर उभे राहण्याची इतकी धास्ती वाटली, की ते मामाचा हात धरून थेट मुंबईस आले. देवाला टाळण्यासाठी गिरणीत गेलेला कोकणातला एकमेव इसम मी, असे ते पुढे सांगत. साचेखात्यात, म्हणजे जिथे मागांवर कापड विणले जाई तिथे, ते फिटर झाले. कपाशीच्या धुरळ्यात आणि मागांच्या अखंड गडगडाटात त्यांना जी शांती लाभली, ती गावच्या देवराईतही लाभली नव्हती. कारण तिथे कोणी त्यांना बोलावयास सांगत नव्हते, आणि सांगितले असते तरी ऐकू आले नसते.

मग संप आला. चार दिवसांत मिटेल या भरवशावर हरेश्वर भातलावणीसाठी गावी गेले आणि भात झोडून परत आले, तेव्हा संप तसाच होता आणि नोकरी नव्हती. "तो संप मागे घेतल्याचं मला अजून कोणी कळवलेलं नाही," ते म्हणत. "तेव्हा नियमाने पाहिलं तर मी आजही संपावरच आहे. ही दुरुस्तीबिरुस्ती म्हणजे संपकाळातला विरंगुळा." त्या विरंगुळ्यावर संसार चालला. स्वतःचा रेडिओ खोलून तो कायमचा मुका करणे हे त्यांच्या विद्येतले पहिले पाऊल. पण विद्येची सुरुवात बहुधा अशाच एखाद्या यज्ञपशूने होते. हळूहळू दूरदर्शन संचांची अंतरंगे त्यांना कळू लागली. संगणकाला मात्र त्यांनी हात लावला नव्हता. तो लावण्याचा प्रसंग शेजारच्या मालनमुळे आला.

मालन तुळशीदास मेस्त्री ही पलीकडच्या खोलीतली सून. नवरा शिवडीच्या गोदामात कामाला. हिने दादरला जाऊन संगणकावर मजकूर जुळवण्याचे शिक्षण घेतले होते आणि एक वापरलेला संगणक खोलीच्या कोपऱ्यात मांडून ती लग्नपत्रिका, मुंजीची निमंत्रणे करून देत असे. त्या श्रावणात तिला पहिल्यांदाच मोठे काम मिळाले. गणेशोत्सव मंडळाची स्मरणिका दरवर्षी दादरच्या एका छापखान्याकडे जुळणीला जाई. मंडळाचे चिटणीस जयवंत यांनी कार्यकारिणीशी भांडून ती या वेळी मालनकडे दिली. भांडणात त्यांनी शब्दही दिला होता, की शनिवारी पाने तयार मिळतील. न मिळाली तर काम पुन्हा छापखान्याकडे, आणि यापुढे चाळीतल्या कोणाचे नाव काढणार नाही.

निम्मी पाने झाली आणि संगणक मध्येच बंद पडू लागला. पुढे तर सुरूच होईना. दुकानदाराने पाहून सांगितले, आतली मुख्य पाटी, म्हणजे मदरबोर्ड, गेली. या जातीची आता मिळत नाही. नवा संगणक घ्या. नव्याची ऐपत नव्हती. कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत मराठी अक्षरांची सोय नव्हती. मालन ती पेटी उचलून घाडींच्या दारात आली.

"काका, तुम्हीच बघा."

"मी? अगं, मला याचं झाकण कुठल्या बाजूला आहे ते माहीत नाही."

"दुकानदाराला माहीत होतं. त्याचा काय उपयोग झाला?"

हरेश्वरांनी पेटी उघडली, विजेरी मारली आणि त्यांचा चेहरा उजळला. पाटीवर उभ्या असलेल्या बुटक्या नळकांड्यांपैकी काहींची डोकी भिजलेल्या वाटाण्यासारखी टम्म फुगली होती, आणि एकातून तपकिरी रस पाझरून सुकला होता.

"कंडेन्सर," ते म्हणाले. रेडिओच्या काळातले लोक कॅपॅसिटरला याच नावाने ओळखतात. "टीव्हीत पण असेच फुगतात. माणूस फुगला तर त्याची समजूत घालता येते. हा फुगला की बदलावाच लागतो."

"होईल ना?"

"न व्हायला काय झालं?" हरेश्वर म्हणाले. हे वाक्य त्यांना पुढे बरेच आठवले.

लॅमिंग्टन रोडवरून नवे कंडेन्सर आले. हरेश्वरांनी पाटी पेटीतून सोडवली, देवघरातल्या मूर्तीसारखी दोन्ही हातांनी धरून मेजावर ठेवली, जुने डाख वितळवून एकेक फुगीर नळकांडे उपटले आणि नवे बसवले. काळा पट्टा ऋण बाजूला आहे ना, हे प्रत्येकाचे दोनदा पाहिले. चष्म्यावर चष्मा लावून केलेले ते काम खरोखर सुंदर झाले होते. सुभद्रेनेही ते पाहिले आणि काही बोलली नाही, ही त्या घरातली सर्वोच्च पदवी होती.

मग पाटी पेटीत परत बसवण्याची वेळ आली, आणि हरेश्वरांमधला फिटर जागा झाला. पेटीच्या पोलादी पाठीवर पितळेच्या काही बुटक्या खुंट्या होत्या. पाटी त्यांच्यावर विसावते आणि वरून स्क्रू आवळले जातात. पण खुंट्यांखेरीज पत्र्याला आणखीही पुष्कळ भोके होती, आटे पाडलेली आणि मोकळी. ती पाहून हरेश्वरांना बनवणाऱ्याच्या बेफिकिरीची कीव आली. साचेखात्यात त्यांचे गुरू होते दगडू जॉबर, म्हणजे तिथले मुकादम. मागाचा सांगाडा दिवसभर थडथडतो. त्यातले एक भोक बोल्टावाचून राहिले की त्याचा भार शेजारच्या बोल्टावर येतो, तो तुटतो, मग त्याच्या शेजारचा. म्हणून दगडू जॉबरांचा दंडक असा, की भोक दिसले की त्यात बोल्ट दिसला पाहिजे. त्यांचा दुसरा दंडक, की शेवटचा नट आवळल्याशिवाय कोणी यंत्राचे बटण दाबायचे नाही. कारण अर्धवट बांधलेल्या मागाने एका माणसाची बोटे नेली होती. हे दोन नियम हरेश्वरांच्या हाडांत भिनलेले होते. नोकरी गेली, गिरणी गेली, तिच्या जागी काचेची इमारत उभी राहिली. नियम तेवढे मागे उरले. त्यांनी आपल्या डब्यातून त्याच मापाच्या खुंट्या शोधल्या आणि एकही भोक मोकळे ठेवले नाही. मग पाटी बसवली, स्क्रू आवळले, झाकण लावले आणि पडदा घेऊन येण्यासाठी मालनला हाक मारली.

मालनने बटण दाबले. आतला पंखा जरासा हलला, जणू कोणी झोपेत कूस बदलावी, आणि थांबला. पडदा काळाच राहिला.

"असं होतं पहिल्यांदा," हरेश्वर म्हणाले. असे होते की नाही, याची त्यांना काडीचीही कल्पना नव्हती.

त्यानंतर जे सुरू झाले त्याला तपश्चर्या म्हणावे की हट्ट, हे ठरवणे कठीण आहे. त्यांनी पाटी बाहेर काढून भिंगाखाली प्रत्येक डाख तपासला. मेमरीची पट्टी खोडरबराने घासून बसवली. मग बाजारवाल्याने जुनाच माल पुसून दिला असावा, असा संशय घेऊन ते पुन्हा लॅमिंग्टन रोडला गेले, दुसऱ्या दुकानातून कंडेन्सर आणले आणि चांगले असलेले काढून चांगलेच बसवले. प्रत्येक वेळी पाटी पेटीत जाई, सगळे स्क्रू आवळले जात, झाकण लागे, आणि मगच बटण दाबले जाई. प्रत्येक वेळी पंखा तेवढाच हले आणि थांबे. ज्याने वीस वर्षे इतरांच्या वस्तूंना दोष दिला, त्याने या वेळी स्वतःचे डोळे, स्वतःचे हात आणि स्वतःचे वय यांना क्रमाने आरोपी केले. आपल्या शिस्तीला मात्र कोणी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करत नाही.

शेजारचे वसंतराव गिरणीच्या टाइम ऑफिसात कारकून होते. संध्याकाळी वर्तमानपत्र घेऊन येणे आणि न मागता मत देणे, हे त्यांचे निवृत्तीनंतरचे कार्य होते.

"काय हरी, उठला का पेशंट?"

"श्वास घेतो आणि सोडून देतो."

"मग नातेवाइकांना बोलवून घे."

"तू आलास ना," हरेश्वर म्हणाले. "तसा तो संपकरी दिसतो. गेटपर्यंत येतो, आत पाऊल टाकत नाही."

मालन दारात उभी होती. ती हसली नाही. जयवंत आदल्या दिवशी विचारून गेले होते, आणि 'काम चालू आहे' असे तिने सांगितले होते. ते खोटे तिला झेपत नव्हते. "काका," ती हळू म्हणाली, "नसेल होत तर आजच सांगा. जयवंतभाऊंना मी जाऊन सांगते. शनिवारी तोंडावर पडण्यापेक्षा बरं."

हरेश्वर विजेरी चाचपू लागले. त्यांच्या वतीने सुभद्रा बोलली. "कोण सांगता होणा नाय म्हणान? देवाक इचारल्यात काय? घाड्यांच्या घरात गाऱ्हाणा घातल्याबिगर काम सुरू केल्यात, तेका देव काय करतलो?"

"अगो, ह्या विजेचा काम असा."

"वीज काय तुमच्या बापाशीन पाडल्यान?"

सुभद्रेने चर्चा तिथेच संपवली. तिने देव्हाऱ्यासमोर पाट मांडला आणि फर्मान काढले, की पाटी पेटीतून काढून उघडी या पाटावर ठेवावी. झाकलेल्या तोंडाने कोणी देवासमोर बसत नाही. यंत्र बांधल्यावाचून चालवायचे नाही हा दगडू जॉबरांचा नियम होता खरा. पण रवळनाथ आणि दगडू जॉबर यांत वरिष्ठ कोण, याविषयी त्या घरात मतभेद नव्हता. हरेश्वरांनी पेटी पाटाशेजारी ओढली, पाटी पाटावर ठेवली आणि पेटीतून विजेच्या तारा नि बटणाच्या तारा ओढून तिला जोडल्या. त्या अवताराला पाहून एखाद्या परग्रहावरच्या सत्यनारायणाची पूजा मांडल्यासारखे वाटत होते. सुभद्रा पाटीवर हळदकुंकू वाहणार होती. ते मालनने वेळेवर पाटाच्या कडेवर वळवले.

ज्या गाऱ्हाण्यापासून पळून हरेश्वर मुंबईस आले होते, ते हात जोडून त्यांच्यासमोर उभे राहिले. वडिलांचे शब्द आठवेनात. त्यांनी घसा साफ केला आणि जसे सुचेल तसे सुरू केले.

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," सुभद्रा आणि मालन म्हणाल्या.

"आज ह्या तुझ्या लेकरान एक यंत्र उघडल्यान. उघडूचा कसा ता तेका ठावक होता, चलवूचा कसा ता ठावक नाय, म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा." हा होकार वसंतरावांनी सर्वांत मोठ्याने दिला.

"कोणाची नजर लागली असात, बाजारवाल्यान खोटो माल दिल्यान असात, दुकानदारान मुद्दाम काय केल्यान असात, तर तेचो तू निवाडो कर. आणि ह्या पोरीच्या हातातला काम तिच्याच हातात ऱ्हवांदे, म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

मालनने बटण दाबले. पंखा हलला, आणि या वेळी थांबला नाही. एक बारीक पीप ऐकू आला आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे झरझर उमटली.

सज्जातून डोकावणाऱ्यांनी आत येऊन पाहिले. सुभद्रेने सर्वांच्या हातावर साखर ठेवली. वसंतराव, ज्यांनी आयुष्यात हजेरीपटावाचून कशावर विश्वास ठेवला नव्हता, त्यांनी ती साखर उजव्या हातात घेऊन कपाळाला लावली. हरेश्वरांची अवस्था चमत्कारिक झाली होती. आपल्यालाही घराण्याची वाचासिद्धी लाभली की काय, असा विचार त्यांच्या मनात येऊन गेला, आणि कबूल करावयास हवे, की तो त्यांना आवडला. कावळा बसावयास आणि ताडाचे फळ पडावयास एक गाठ पडली तर शास्त्रकार त्याला काकतालीय न्याय म्हणतात. पण तो न्याय झाडाखालच्यांना सुचतो; कावळ्याला सुचल्याचे ऐकिवात नाही.

"आता पेटीत घाला, म्हणजे मी घरी नेते," मालन म्हणाली. "रात्रभर बसले तर उद्या पुरी होतील."

हरेश्वरांनी ती पेटीत घातली. सगळे स्क्रू आवळले. झाकण लावले. बटण दाबले. पंखा कूस बदलून थांबला.

साखर अजून तोंडात विरघळत होती.

"देवाला पेटी पसंत नाही," वसंतराव अखेर म्हणाले.

मालन खाली बसली आणि तिने पदराने तोंड पुसले. घाम होता की दुसरे काही, हे पाहण्याचे धैर्य हरेश्वरांना झाले नाही. त्या क्षणी त्यांना थट्टा सुचली नाही, आणि थट्टा सुचेनाशी झाल्यावर विचार सुचू लागला. वसंतराव विनोदाने जे बोलले तेच सत्य होते. पाटी पाटावर होती तेव्हा ती चालली. पेटीत गेली की बंद. कंडेन्सर तेच, डाख तेच, मेमरी तीच. जे असताना बिघाड असतो आणि नसताना नसतो, ते त्याचे कारण. यालाच आपले नैयायिक अन्वयव्यतिरेक म्हणत आले. तेव्हा दोष पाटीत नाही. दोष पेटीत आहे. आणि पेटीत जे पूर्वी नव्हते असे काय आहे?

त्यांनी स्क्रू सैल केले, पाटी उचलली आणि उलटी करून विजेरी धरली. पाठीवरच्या डाखांच्या दाटीत, जिथे पाटीला भोकच नव्हते अशा एका जागी, दोन डाखांवर एक लहानसा चकचकीत ओरखडा होता. त्यांनी पेटीत पाहिले. त्या जागेच्या नेमकी खाली त्यांनी स्वतः बसवलेली एक पितळी खुंटी उभी होती. पाटी आवळली, की ती खुंटी पाठीला भिडे, दोन तारांची गाठ पत्र्याशी घाली आणि वीज भलत्याच वाटेने पळू लागे. ते पाहून शहाणा वीजपुरवठा आपला प्रवाह तोडी. यंत्र मुकाट्याने प्राण वाचवत होते, आणि हरेश्वर त्याला बेशुद्ध समजून त्याच्या छातीत नवी नवी औषधे भरत होते.

हरेश्वरांनी ती खुंटी बोटाने चाचपली. कंडेन्सर पहिल्याच दिवशी ठीक बसले होते. त्यानंतरचे सगळे दिवस, बाजाराचा तो दुसरा फेरा, तो भिंगाचा जप, बाजारवाल्यावरचा आळ, देवाला दिलेला त्रास, या सर्वांचे मूळ एवढेसे, बोटाच्या पेराएवढे, पितळेचे आणि त्यांच्याच डब्यातले. देवापुढे त्यांनी संशयितांची नावे घेतली होती. त्यात एक नाव राहून गेले होते.

"काय सापडलं?" मालनने विचारले.

"गुन्हेगार," ते म्हणाले. "पण त्याला पकडायचं तर मला आरसा लागेल."

पाटीला जिथे भोके होती तेवढ्याच खुंट्या त्यांनी ठेवल्या, बाकीच्या काढल्या. मोकळी भोके पाहून हातांना अपराध केल्यासारखे वाटत होते, पण या वेळी त्यांनी हातांचे ऐकले नाही. झाकण लावून बटण दाबले. पीप झाला. अक्षरे आली. संगणक चालू राहिला.

हरेश्वर सर्व काही सविस्तर सांगावयास तयार होते. दगडू जॉबरांपासून सुरुवात करून आपल्या मूर्खपणाचा साद्यंत इतिहास सांगावा, असे त्यांनी मनाशी रचलेही होते. त्यांनी तोंड उघडले.

"परत बंद पडेल?" मालनने विचारले.

"मी हात लावला नाही तर नाही. पण मी काय म्हणत होतो..."

"काका, मग मी जाते. पानं राहिलीत." तिने पेटी उचलली आणि ती गेली.

शनिवारी जयवंत आले तेव्हा पाने तयार होती. मालनने पाने भरलेली तबकडी, म्हणजे सीडी, त्यांच्या हातात दिली. त्यांनी पडद्यावर एकेक पान पाहिले, जाहिरातदारांची नावे तपासली, आणि पुढच्या वर्षीही काम इथेच राहील, छापखाना आता विसरा, असे सांगितले. मालनच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलेले सर्वांना दिसले.

"पण यंत्र बंद होतं म्हणे?" जयवंत म्हणाले. "दुकानदाराने टाकून द्यायला सांगितलेलं?"

"घाडीकाकांनी दुरुस्त केलं," मालन म्हणाली.

"ह्येंनी नाय, देवान," सुभद्रेने दारातून दुरुस्ती केली.

"आम्ही सगळ्यांनी व्हय म्हाराजा म्हटलेलं," वसंतरावांनी आपला वाटा नोंदवला.

हरेश्वर उठून उभे राहिले. मनाशी रचलेले बोलण्याची संधी अखेर समोर आली होती, आणि ऐकणाराही मंडळाचा चिटणीस होता. "जयवंतराव, खरं सांगतो," ते म्हणाले, "दुरुस्ती कोणाची असेल ती असो. त्यातला बिघाड मात्र पुरता माझा होता. मी नको तिथे हात घातला नसता तर हे काम बुधवारीच झालं असतं."

जयवंत आदराने पुढे झाले. मग त्यांनी वाकून हरेश्वरांचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले.

"असा विनय हल्ली बघायला मिळत नाही," ते म्हणाले. "स्मरणिकेत आभाराच्या पानावर तुमचं नाव जायलाच पाहिजे. मालन, लिही गं."

"अहो, मी खरंच..." हरेश्वर म्हणाले.

"बघा, अजूनही नको म्हणतात," जयवंत वसंतरावांना म्हणाले, आणि मालनने नाव लिहावयास घेतले.